तिसरा खंड

"हा जाइल्स फॅरो आहे तरी कोण?" पाद्री एझ्रा होल्डननं कादंबरीचा तिसरा खंड न्याहारीच्या टेबलावर आपटला. चहा बशीत सांडला.

त्याच्या धाकट्या बहिणीनं, डॉर्कसनं, फडक्यानं टेबल पुसलं. वहिनी वारल्यापासून अकरा वर्षं तीच त्याचं घर सांभाळत होती.

हार्थवेट गावात महिनाभर फॅरोच्या या कादंबरीशिवाय दुसरा विषय नव्हता. कादंबरीतला पाद्री पोटुशी राहिलेल्या मोलकरणीला भर हिमात घराबाहेर काढतो. कारण पोर गिरणीमालकाच्या मुलाचं असतं आणि गिरणीमालक चर्चला नवी घंटा देणार असतो. मुलगी दगडाच्या खाणीपाशी गारठून मरते.

एझ्राच्या घरची मोलकरीण नॅन चार वर्षांपूर्वी तशीच मेली होती. ती आपणहून पळाली, असं एझ्रानं तेव्हा सांगितलं आणि लोकांनी मानलंही. आता मात्र रविवारी चर्चमधली बाकं रिकामी पडत होती. परवा तर खाटकानं त्याला पाहून टोपीसुद्धा काढली नव्हती.

"लंडनमध्ये बसून कुणीही काहीही खरडतं, असं मी सांगत सुटलोय," एझ्रा म्हणाला. "पण हे बघ, पान दोनशे सहा. 'माझी शाल तरी द्या, साहेब.' मी कडी घातल्यावर ती बाहेरून अगदी हेच म्हणाली होती. त्या फॅरोला हे कसं कळलं? घरात तर फक्त मी आणि..."

त्यानं डॉर्कसकडे पाहिलं.

"मी जिन्यावर होते," डॉर्कस म्हणाली. "ऐकत होते. खाली उतरून कडी काढली नाही. तेही लिहिलंय मी, पुढच्याच पानावर."

एझ्राचा चेहरा आधी पांढराफटक पडला, मग लालबुंद झाला. "माझ्याच घरात राहून, माझंच मीठ खाऊन! रविवारी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतो. गावात तोंड दाखवायची सोय ठेवणार नाही."

"घे की," ती शांतपणे म्हणाली. "आज ती गोष्ट कुणा फॅरोची कल्पना आहे. माझं नाव घेतलंस, की ती तुझ्या सख्ख्या बहिणीची साक्ष होईल."

रविवारी एझ्रानं क्षमाशीलतेवर प्रवचन केलं. ऐकायला नऊ माणसं होती.

उन्हाळ्यात डॉर्कस पुढची कादंबरी लिहायला बसली. भेटायला कुणी आलं, की एझ्राच लगबगीनं आडवा जाई. "डॉर्कस पत्रं लिहितेय, नंतर या," असं सांगून त्यांना वाटेला लावी. बंद खोलीत तिची लेखणी कुरकुरत राही. आता कुणाबद्दल लिहितेयस, हे तिला विचारायची मात्र त्याची छाती झाली नाही.