सेवकरामची गाठ

गाठ पाहिली आणि भोजराजच्या हातातली कात्री थांबली.

पट्टीचे दोन वेढे सुलटे, तिसरा उलटा, आणि टोक आत खोचलेलं. लहानपणी खाटेच्या पायाला बांधून बांधून तो हीच गाठ शिकला होता. साऱ्या मोहाडी तालुक्यात अशी गाठ एकच माणूस बांधायचा. त्याचा बाप सेवकराम, गावोगावची मोडलेली हाडं बसवणारा.

दवाखान्यात टेबलावर सत्यवती होती, आंधळगावची, नववीतली. आठवड्यापूर्वी तलावाच्या बांधावरून सायकलसकट घसरली आणि डावा हात मोडला. बांबूच्या कमच्यांमध्ये आवळून बांधलेला तो हात आता कोपराखाली काळा पडला होता. खोलीभर वास सुटला होता. तरी पोरीचं तोंड काही थांबत नव्हतं.

"मी नाही पडलो, डॉक्टर दादा. सायकल पडली. मी तिच्यासंगं गेलो."

भोजराजनं कमच्या सोडल्या आणि टाचणी उचलली.

"टोचा ना," ती म्हणाली. "काहून थांबले?"

त्यानं केव्हाच टोचली होती.

तेवढ्यात मोठे सर, इथले मुख्य सर्जन, आले. हात पाहिला, खाली पडलेल्या कमच्या पाहिल्या.

"कोणत्या गाढवानं बांधलं हे?"

सत्यवतीची आई, विमलाबाई, फरशीकडे पाहत राहिली. मग तिनं हळूच भोजराजकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांनी, सर," तो म्हणाला.

कोपऱ्यात सिरिंजा उकळत होत्या. त्यानं जाऊन स्टोव्ह बंद केला.

भोजराज नागपूरला हाडांचं शिकत होता आणि काही महिन्यांसाठी त्याला भंडाऱ्याला पाठवलं होतं. आजवर ऑपरेशनच्या वेळी त्यानं नुसते पेशंटचे हातपाय धरले होते. सोमवारीच सर म्हणाले होते, पुढचं ऑपरेशन तुझं, मी फक्त बाजूला उभा राहीन. त्या दिवशी तो इतका खूश झाला की उगाचच कारध्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन आला.

"हात काढावा लागेल, बाई," सर आता विमलाबाईला म्हणाले. "नाहीतर पोरगी जाईल."

विमलाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि मान हलवली. सत्यवतीनं सगळं ऐकलं होतं. ती उजव्या हातानं काळी पडलेली बोटं चोळू लागली.

सर भोजराजकडे वळले. "दुसऱ्याला बोलावतो. तू बाहेर जा."

"नको सर. आमच्या घरचंच आहे हे, मीच करतो."

भूल देताना सत्यवतीनं उजव्या हातानं त्याची बाही धरली.

"एका हातानं सायकल चालवता येते?"

"येते."

"तुमी पाहिलं कोणाले?"

तेवढ्यात तिचे डोळे मिटले.

बाहेर व्हरांड्यात सेवकराम भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. पोरीला एसटीत घालून त्यानंच इथवर आणलं होतं, "माहा पोरगा हाय तेथं" असं वाटेत सगळ्यांना सांगत. पाय मुरगळलेला एक माणूस त्याला ओळखून लंगडत जवळ आला.

"बाबाजी, तुमीच दाबून द्या ना. आत लय लाईन हाय."

सेवकरामनं दोन्ही हात काखेत घातले.

"लाईन लाव," तो म्हणाला.

ऑपरेशन संपल्यावर भोजराज चहाचा ग्लास घेऊन आला आणि बापाच्या शेजारी खालीच बसला.

"रडत होती," सेवकराम म्हणाला. "मी म्हणलं, दुखते म्हणजे हाड जुळून राहिलं."

"बाबा, चहा घ्या."

"मंग बोटं थंडी पडली. मले वाटलं, जळजळ उतरली." तो थांबला. "मी अजून आवळलं."

भोजराज ग्लास पुढे धरून राहिला. बापाचे हात काही काखेतून बाहेर येईनात. चहावर साय धरली. मग भोजराजनं ती बोटानं बाजूला केली आणि ग्लास बापाच्या ओठांना लावला.