नऊला दहा कमी

सकाळी नऊपर्यंत माझं मौन असतं. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी हे आमच्या जुन्या पिकअपच्या पुढ्यात वाकून काम करत होते. "अगं, हँडब्रेक ओढलाय ना?" त्यांनी दोनदा विचारलं. ओढलेला नव्हता. मला दिसत होतं, तरी मी मौन मोडलं नाही. गाडी उतारावर सुटली, ती त्यांना घेऊनच भिंतीला लागली.

आता ती विकायची, म्हणून मिस्त्री डिस्ट्रिब्युटर बदलायला आला होता. जुना काढून त्याने माझ्यापुढे धरला.

"इंजिनाला ठिणगी हाच वाटून देतो, वहिनी. आता देव खाली उतरला तरी ही सुरू व्हायची नाही."

इंजिन सुरू झालं.

मिस्त्री मागे सरकत माझ्याशेजारी आला. "किल्ली कुठंय?" मी मूठ उघडून दाखवली. नऊला दहा मिनिटं कमी होती.

"ओढलाय हो," मी मोठ्याने म्हणाले. "मी स्वतः ओढलाय. झालं असेल तर या ना आता."

इंजिन थांबलं. मग टेकू निघाला आणि बॉनेट हळूच खाली आलं, हे दोन्ही हातांनी धरून आणायचे तसं. मिस्त्री माझ्याशेजारीच उभा होता.