मसुरीचे अक्रोड

"माका खोटा बोलूक जमाचा नाय, कर्णिकांनू," भाऊ परब म्हणाले आणि त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपून पाहिली. "ही गळ्यात आसा तवसर तरी नाय."

विद्याधर कर्णिक चौकट धरून उंबऱ्यातच उभे होते. उद्या अकरा वाजता मुलाच्या रहिवासी दाखल्यासाठी कचेरीतून चौकशीचा माणूस येणार होता आणि त्याला एका वजनदार शेजाऱ्याचा जबाब हवा होता. घाटकोपरच्या त्या चाळीत वजनदार शेजारी एकच. भाऊ गिरणीतून निवृत्त झालेले, तेवीस वर्षांचे माळकरी, आणि खरं बोलण्याबद्दल इतके प्रसिद्ध, की कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले की चाळ भाऊंना बाजारात पाठवायची.

"एकच वाक्य आहे, भाऊ. रतन पहिलीपासून दहावीपर्यंत दहिसरला होता, मावशीकडे."

"आणि मसुरी?"

चाळीत कुणालाही विचारा, तो हेच सांगणार: कर्णिकांचा रतन मसुरीच्या बोर्डिंगात शिकला. दर जूनला टॅक्सी यायची, टपावर ट्रंक चढायची, ट्रंकेवर पांढऱ्या रंगात 'मसुरी'. सुलक्षणावहिनी दरवर्षी स्वेटर विणायच्या आणि दिवाळीला तो नवाकोरा परत यायचा. थंडी वाजत नाही का रे, असं विचारलं की रतन म्हणायचा, सवय झाली. शिवाय घरटी मूठभर अक्रोड.

आता हीच मसुरी आडवी आली होती. सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजचा नियम साधा होता. दहावी राज्याबाहेर झाली, की मुलगा बाहेरचा. अकरावी-बारावी रतनने घरी राहून मुलुंडच्या कॉलेजात केली होती, गणितात नव्वद पाडले होते. पण बाहेरच्याचे नव्वद बाहेरच राहतात.

"दर दिवाळीक तुमचेच अक्रोड खातंय," भाऊ म्हणाले. "त्या खाल्ल्या अक्रोडांका काय सांगू?"

कर्णिक त्या दिवशी जेवले नाहीत.

चौकशीचा माणूस बरोबर अकराला आला. सरकारी माणूस वेळेवर येतो तेव्हाच घाबरावं, असं कर्णिक एरवी ऑफिसात विनोदाने म्हणत. आज त्यांना तो विनोद आठवला, पण हसू आलं नाही.

त्याने रतनचा शाळा सोडल्याचा दाखला खिडकीच्या उजेडात धरला. शिक्का नखाने खरवडून पाहिला.

"दहिसर," तो म्हणाला. "दाखला खरा वाटतो."

"हो ना," कर्णिक म्हणाले.

"पण हल्ली सगळेच खरे वाटतात. मागच्या महिन्यात असाच एक खोटा निघाला. बाप आत गेला, पोरगा घरी बसला."

सुलक्षणाने चहाची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"शेजारी कोण? बोलवा."

भाऊ आले, ते धुतलेला सदरा घालून. बाहेर गॅलरीत शेजारच्या वनमालाबाई कपडे वाळत घालत होत्या. एकच टॉवेल, मघापासून.

"मुलगा दहावीपर्यंत कुठे होता?"

भाऊंचा हात माळेकडे गेला. कर्णिकांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना चाळीच्या जिन्यातून खाली जाणारा हवालदार दिसला, आणि त्याच्या पुढे स्वतः.

"दहिसरला," भाऊ म्हणाले. "मावशीकडे. मी दोनदा भेटून आलोय. घावणे घेऊन."

माणसाने सगळं लिहून घेतलं, घावणेसुद्धा. भाऊंनी सही केली. रहिवासी दाखला आठवड्यात मिळेल, असं सांगून तो निघून गेला.

कर्णिक धावत भाऊंच्या खोलीत गेले. भाऊ देवाच्या फोटोसमोर बसले होते. गळा उघडा होता. माळ एका कागदात गुंडाळलेली होती.

"भाऊ, हे काय?"

"उतरवलंय. ती घालून ह्या बोललंय, आता घालूक तोंड नाय."

"आणि ते घावणे कशाला सांगितलेत?"

"खोटा बोलूचा तर नीट बोलूक होया." भाऊ हसले, पण हसू गळ्यापर्यंतच आलं. "पाच वर्षांचो होईसर माझ्या कडेवर होतो तो. इतको मसुरीत शिकलेलो पोरगो घरात बसाक नको."

कर्णिकांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात दारात वनमालाबाई टॉवेलसकट हजर झाल्या.

"जमलं ना हो, कर्णिक? भाऊंनी राखली मसुरीची लाज."

कर्णिकांनी तोंड मिटलं. मान हलवली आणि घरी आले.

"अहो," सुलक्षणा हळू आवाजात म्हणाली, "निदान भाऊंना तरी सांगायचंत."

दाराला आतून कडी घालून कर्णिकांनी मसुरीची ट्रंक ओढली, झाकण उघडलं आणि मघाचा शाळेचा दाखला जागच्या जागी ठेवून दिला: दहिसरच्या शाळेच्या दहा प्रगतिपुस्तकांवर, ज्यांतल्या प्रत्येकावर पालक म्हणून रतनच्या मावशीची सही होती.