धुळीचा आकडा

पत्राखाली वडिलांची सही करून तिने पेनाला टोपण लावलं, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात इस्त्रीचा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. काखेला कापडी पिशवी.

"मी अणुचाचणी खात्यातला," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या पत्रांना पोच पाठवतो, तो मीच."

चार वर्षं तिला याच दिवसाची धास्ती होती. वडील तिकडे भिंतीवरच्या फोटोत, आणि इकडे त्यांच्या सहीची शाई अजून ओली. तिने गृहस्थांना खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाला टेकून उभी राहिली.

वडील शास्त्रज्ञ. पहिली चाचणी झाली तेव्हापासून ते रोज सकाळी गच्चीवरच्या ताटलीतला डिंक लावलेला कागद खाली आणत, किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्रात सरकवत आणि त्यावर बसलेली धूळ मिनिटाला किती टिकटिक करते ते मोजत. मग खात्याला पत्र जाई. तारीख, आकडा, 'चाचण्या थांबवा', सही. तिसऱ्या दिवशी पोच येई. 'आपले पत्र मिळाले. विचार चालू आहे.' हे वीस-बावीस वर्षं चाललं. त्या न पाहिलेल्या कारकुनाला वडील 'पोचवाले' म्हणत. "आज पोचवाल्यांचं अक्षर वाकडं आलंय, सर्दी झालेली दिसते," असं जेवताना काळजीने सांगत.

सहा वर्षांपूर्वी सरकारने चाचण्या थांबवल्याचं जाहीर केलं. लोक रस्त्यावर नाचले. वडील नाचले नाहीत. "सरकार काय, काहीही म्हणेल. धूळ म्हणू दे, मग मानीन." पहिल्या चाचणीआधी आकडा अकरा होता. तो परत अकरावर येईपर्यंत लिहीत राहायचं, हा त्यांचा हट्ट. आकडा सत्तेचाळीसवर असताना ते गेले. जाताना तिचा हात धरून एवढंच म्हणाले, "पत्र चुकवू नकोस."

ती शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. त्या यंत्राला वडिलांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने भीतभीत बटण दाबलं, पाच मिनिटं वाट पाहिली. टिक नाही की टाक नाही. यंत्रही वडिलांबरोबर गेलं, असं ती धरून चालली. मनाने आकडा ठोकून द्यायला जीव धजेना. मग तिने वडिलांची पत्रांच्या नकलांची वही उघडली आणि गेल्या वर्षी त्याच तारखेला जो आकडा होता तो उतरवला. पुढच्या वर्षी पुन्हा तोच. खोटा नाही, फक्त जुना, अशी तिने मनाची समजूत घातली. पण कुणाच्या लक्षात आलं असतं तर वडिलांचे सगळे खरे आकडे लोकांनी खोट्यातच काढले असते. गच्चीवरचा कागद मात्र ती रोज न चुकता बदलत होती.

"ताई, दर वर्षी आकडा साठवरून उतरत सत्तेचाळीसवर येतो," पोचवाले म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी टुणकन उडी मारून परत साठ. धूळ असं करत नाही."

तिने सगळं सांगून टाकलं. सांगताना रडली. वर म्हणाली, "खात्याने काय शिक्षा करायची ती मला करा. वडिलांचं नाव राहू द्या."

"खातं कुठलं? ते बंद होऊन सहा वर्षं झाली."

"मग पोच?"

"टपालवाला माझ्या ओळखीचा. पत्र घरी आणून टाकतो. छापील पोचांचा गठ्ठा मी निवृत्तीच्या दिवशी पिशवीत घातला होता. उभ्या नोकरीतली तेवढीच चोरी." ते ओशाळून हसले. "तुमच्या वडिलांना कळवलं होतं. ते म्हणाले, तुम्ही वाचताय ना, मग झालं. पुढे पत्राच्या पाठीमागे रोज थोडं थोडं लिहून यंत्र चालवायला शिकवायचे. ते लिहिणं थांबलं, तेव्हाच ते गेल्याचं समजलो. काल गठ्ठा संपला. पोच आली नाही तर तुम्ही लिहिणं थांबवाल, म्हणून आलो."

ते उठून यंत्रापाशी गेले. खालची कळ फिरवली, मग वरची, आणि परत येऊन निवांत बसले.

"अर्धा तास. तापावं लागतं त्याला."

"मी पाचच मिनिटं थांबले होते," ती म्हणाली.

खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता. त्यात धुळीचे कण सावकाश वर जात होते, खाली येत होते. दोघंही ते बघत राहिले. बाहेर कुणीतरी सायकल पुसत शीळ घालत होतं. तिला वाटलं, वडील आतल्या खोलीत आहेत आणि आता चष्मा शोधत बाहेर येतील. मग यंत्रातून एक बारीक टिक आली. थोड्या वेळाने दुसरी.

तिने गच्चीवरचा कागद आणून यंत्रात सरकवला. पोचवाल्यांनी घड्याळ धरलं, तिने मोजलं.

"अकरा," ती म्हणाली.

हवा स्वच्छ झाली होती. केव्हाची, कुणास ठाऊक. ती मात्र पत्रांतून रोज त्या हवेत जुनं विष कालवत बसली होती. तिला हसू आलं आणि लगेच मावळलं. वडिलांचा शब्द पुरा झाला. आता उद्या सकाळी उठून करायचं काय? म्हाताऱ्यांकडे पाहिलं, तर त्यांचाही चेहरा उतरलेला.

"म्हणजे संपलं," ती म्हणाली.

पोचवाल्यांनी यंत्र बंद केलं, पिशवी काखेला लावली आणि दारापाशी जाऊन घसा खाकरला.

"खात्याच्या नियमाप्रमाणे एका दिवसाचा आकडा धरत नाहीत, ताई. उद्या परत मोजावं लागेल. मी आठला येतो."