नऊ गाण्यांतली गोष्ट

लेकीच्या नव्या अल्बममधली नऊ गाणी म्हणजे एकाच घराची गोष्ट आहे, असं पेपरात छापून आलं आणि तिचा सुतार बाप गाण्यांची पुस्तिका मुठीत चुरगाळत तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"लोकांना काय दूधखुळे समजतेस? त्यातला तो सुतार म्हणजे मीच!"

"गाणी आहेत ती, बाबा. तुम्हाला लागली तर लागू देत."

"तोंड वर करून बोलू नकोस! सातव्या गाण्यात मी तुझ्या आईला जिन्यावरून ढकललं म्हणतेस! कुणी भरवलं तुझ्या डोक्यात हे?"

इतका वेळ दार अडवून भांडणाऱ्या लेकीचा आवाज एकदम खाली आला.

"बाबा, सातव्या गाण्यात आई पाय घसरून पडते. तुम्हीच मला तसं सांगितलं होतं."