कानाचं यंत्र

बाबांच्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशीही जान्हवीने ताट झाकून ठेवलं. “थांब माय, आवाज बराबर करून राह्यलो,” ते कानाच्या यंत्रावर वाकूनच म्हणाले. आपल्यापेक्षा ते यंत्राचंच जास्त ऐकतात, हे तिला लहानपणापासून सलायचं. स्वतः घडवलेल्या या यंत्राचा आराखडा त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवला होता. लोक ते घरीच बनवत. दुसऱ्या दिवशी एका कंपनीची नोटीस आली: पेटंट आमचं, आराखडा हटवा, नाहीतर कोर्टात या. वाचतानाच बाबा कोसळले. दहाव्याला पूर्णेकाठी पिंडाला कावळा शिवेना. “दादा, जान्हवीचं लग्न मी लावतो,” काका म्हणाले. कावळा हलेना. गेल्यावरही बाबांचा जीव यंत्रातच अडकलेला पाहून ती जळफळली. तरी पुढे होऊन म्हणाली, “आराखडा नाही हटवणार, बाबा. कोर्टात मी उभी राहते.” मग आजवर न बोललेलं बोलली, “लय हेवा वाटायचा मला त्या यंत्राचा.” तेव्हा कुठे कावळा पिंडाला शिवला.