प्रार्थनेच्या यादीतलं नाव

या, जवळ बसा, एक गोष्ट सांगतो. आमच्या सान्ता एदुविहेस गावच्या महापौराचं त्याच्या कारकून बाईशी लफडं असल्याचा बोभाटा झाला. मी माझ्या पेपरात दोघांचीही बाजू छापली, 'पुरावा नाही' हेही लिहिलं. महापौर पुन्हा निवडून आला. बाईची नोकरी गेली. ती मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले विकायला बसली, तर तेही कोणी घेईना.

"एवारिस्तोदादा, बाजू दोघांची मांडलीत, भोगतेय मी एकटीच! आता जगू कशी?"

माझा जीव तुटला. रविवारच्या मिस्साला, ज्यांच्यासाठी सगळे मिळून देवाला विनवतात त्या प्रार्थनेच्या यादीत मी भक्तिभावाने तिचं नाव लिहून दिलं. पाद्रीबाबांनी ते मोठ्याने वाचलं, आणि अख्खं चर्च तिच्याकडे वळून हसलं.



मायबापहो, देवापाशी तिची आठवण काढा. नाव मात्र या खेपेला मी सांगणार नाही.